तळ बघून आलेला माणूस

संस्थेचं पत्र घेऊन क्रांती स्वतः आली, तेव्हा बाळाबाई धार काढून नुकती गोठ्यातनं उठली होती. क्रांती म्हणजे गावच्या पाणीपुरवठा संस्थेतली एकुलती एक बाई संचालक. शिकलेली, बोलायला धीट, आणि एकदा मनात घेतलं की पाठ सोडेल तर शपथ. कुरुंदवाडच्या अलीकडं, पंचगंगेच्या काठाला हे गाव. पावसाळा सरला, दिवाळी झाली की नदीवरच्या मोटरी पहिल्यांदा सुरू करायच्या आणि त्याआधी नदीची ओटी भरून सबंध साडी पाण्यात सोडायची, ही संस्थेची जुनी पद्धत. आजवर तो मान सवाष्णीचा. यंदा तो कैलासवासी पिराजी चौगुले यांच्या पत्नीला द्यायचा, असा ठराव झाला होता.

"भांडून मिळवलंय मावशी," क्रांती म्हणाली. "सभासदांच्या सभेत बायडाबाई तर उठून उभी राहिली. पांढऱ्या कपाळाच्या हातची ओटी नदी घेत न्हाय म्हणं. मी म्हटलं, ज्या माणसानं चाळीस वर्सं आमच्या मोटरी चालू ठेवल्या, त्याच्या बायकोच्या हातची घेत नसंल तर नदीलाच विचारून येऊया."

बाळाबाईनं पत्र घेतलं, चहा टाकला, क्रांतीला बशीभर चिवडा दिला. तोंडानं बरं म्हणाली. पण मनातनं तिला ते नको होतं. कारण त्याच सोमवारी, ओटी झाली की लगेच, पाण्यात उतरणार होती तिची स्वतःची लेक तेजस्वी. बापानंतर गावात पाण्याखालचं काम करणारी ती एकटीच. यंदा ऑक्टोबर संपेस्तोवर पावसानं उसंत दिली नव्हती, पाण्याला अजून ओढ होती, रंग चहासारखा. अशा पाण्यात सहा वार साडी सोडायची आणि पाठोपाठ लेक सोडायची. आणि साडी पाण्याखाली काय करते, हे साऱ्या गावात बाळाबाईइतकं कुणाला माहीत नव्हतं. ते तिनं वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

आता पिराजी कोण, हे सांगितल्याशिवाय पुढं जाऊन उपयोग नाही.

पिराजी चौगुले हा दीड बिघ्याचा धनी. शाळेत सातवीला रामराम ठोकलेला. एकोणीस वर्षांचा असताना संस्थेच्या मोटरीनं पाणी ओढायचं बंद केलं. नदीत खोल सोडलेल्या पाइपाच्या तोंडाशी एक झडप असते, तिला गावात फुटव्हॉल म्हणतात. तिच्या जाळीत गाळ आणि कचरा बसला की सगळ्या शिवाराचा घसा कोरडा. मिस्त्री काठावर उभा राहून म्हणाला, कुणीतरी खाली जायला पाहिजे. माणसं एकमेकांकडं बघू लागली. पिराजीनं सदरा काढला आणि गेला. चार-पाच बुड्या मारल्या, जाळी मोकळी केली, वर आला. सगळ्यांनी एकच विचारलं, व्हॉल मोकळा झाला का? तर हा म्हणतो, "खाली पायऱ्या हायत. दगडी. सात मोजल्या, फुडं अजून हायत."

कुणी लक्ष दिलं नाही. पाणी आलं ना, मग पायऱ्या घेऊन काय करायचं! पण पिराजीच्या डोक्यातनं त्या पायऱ्या गेल्या नाहीत. कुणी बांधल्या, नदी तेव्हा कुठनं वाहत होती, आठवी पायरी कुठं जाते. माणूस तिथंच बिघडला म्हणा किंवा घडला म्हणा.

पुढं गुळाच्या ट्रकबरोबर मालवणला गेला असताना त्यानं तिथले पाणबुडे बघितले. डोळ्यावर काचेचा मुखवटा, तोंडात हवेची नळी. परत आला तो थेट कोल्हापूरला उद्यमनगरात, रंगाच्या फवाऱ्याला हवा देणारा जुना कॉम्प्रेसर शोधत. दुकानदारानं काम विचारलं, ह्यानं खरं सांगितलं. दुकानदार म्हणाला, "पावणं, ह्यानं मोटारी रंगवत्यात. माणूस जित्ता ठेवायचं मशीन न्हवं हे." तरी हा घेऊन आला. पहिल्या दिवशी हवेबरोबर तेलाचा धूर नाकातोंडात गेला आणि दोन दिवस ओकत बसला. मग कुणाकुणाला विचारून तेल न लागणारं मशीन मिळवलं, गाळणी बसवली, पुन्हा उतरला. या नादात डावा कान कायमचा गेला. बाळाबाई म्हणायची, कान गेला त्याचं दुःख नाही, पण माझ्या माहेरी जायचं बोलणं नेमकं त्याच कानाला कसं पोचतं ते मला कळत नाही.

त्या पट्ट्यात नळी तोंडात धरून पंचगंगेच्या तळाला जाणारा पहिला माणूस हाच. कामाला गेला तर समजू शकतो. पण हा बाबा सुट्टीच्या दिवशीही जायचा. लोक जेवून ताणून देतात, ह्याचं मशीन धडधडतंय. तळाशी उजेड शून्य, सगळं काम हातानं चाचपून. आणि वर येऊन, पुसतो न पुसतो तोच, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं काढायला बसायचा. कुठं खडक, कुठं डोह, कुठं वाळूचा उंचवटा. जागांना नावंसुद्धा ह्यानंच दिलेली. एका खड्ड्याचं नाव 'गप बस', कारण तिथं पाणी अजिबात हलत नाही. अशी चौदा कॅलेंडरं झाली. मोठा पूर येऊन गेला की नदी तळ बदलते, मग हा पुन्हा पहिल्यापासनं. एकदा पुलाच्या कामाला आलेल्या साहेबाला त्यानं सांगितलं, तिसऱ्या खांबाखाली पोकळ हाय. साहेब हसले. नंतर यंत्र लावलं, यंत्रही तेच म्हणालं. साहेबांनी ह्याला चहा पाजला आणि एक टोपी दिली. टोपी डोक्याला बसली नाही, ती बरीच वर्षं म्हशीच्या खुंट्याला होती.

तेव्हा त्याचा दोर धरायला असायचा हिंदुराव. पिराजीचा लहानपणापासनं दोस्त, शेजारच्या रानाचा. कमरेला बांधलेला दोर काठावरच्या माणसाच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे ओढ. बोलणं एवढंच. खाली गेलेल्या माणसाचा जीव त्या हातात असतो, यात काही वाढवून सांगत नाही.

दोन हजार पाचचा पूर ओसरला आणि नदीकाठच्या झाडून सगळ्या संस्थांचे फुटव्हॉल गाळात गेले. पिराजीला बोलावणी सुरू झाली. बारा दिवस सलग तो पाण्यात. घरी यायचा तो ओठ निळे, बोटं पांढरी. जेवता जेवता झोपायचा. बाळाबाईच्या जिवाला घोर लागला. घरात सहा वर्षांची तेजस्वी. एवढं नदीच्या अंगावर चढायचं बरं नव्हे, असं आयाबाया म्हणू लागल्या. बायडाबाईनं बाजूला घेऊन सांगितलं, "नुसत्या नारळानं भागायचं न्हाय. कोरी साडी सोड. तुझ्या अंगाची, त्यानं आणल्याली."

कोरी साडी एकच होती. दिवाळीला पिराजीनं स्वतः इचलकरंजीहून आणलेली, हिरवी, केशरी काठाची. घडी मोडली नव्हती. बाळाबाईनं ती पदराखाली घेतली आणि पहाटे काठावर कुणी नसताना, मोटरीपासनं थोडं वरच्या अंगाला, हळद-कुंकू वाहून पाण्यात सोडली. साडी पसरली, थोडी तरंगली आणि बुडाली. बाळाबाईनं हात जोडले, माझा माणूस मला दे म्हणाली, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

दुपारी ती भाकरी घेऊन काठावर गेली तर माणसांचा गलका. हिंदुराव दोर ओढतोय, दोर येत नाही. जेवढा ओढावा तेवढा खाली काहीतरी आवळतंय. नळी कुठंतरी चिमटली होती, मशीन घुरघुरत होतं. दोन पोरं उडी टाकायच्या बेतात होती तेवढ्यात दोर एकदम सैल झाला आणि पिराजी वर आला. नाकातनं रक्त. कमरेला विळा ठेवायची सवय होती, म्हणून वाचला. एका पायाला साडी गुंडाळलेली, तिचं दुसरं टोक खाली पाइपाला. मधनं विळ्यानं कापलेली. हिरवी. केशरी काठाची.

काठावरच्या माणसांनी साडी सोडणारीचा उद्धार सुरू केला. कुठल्या गावची येडी असंल, म्हणाले. हिला आणून पाण्यात बुचकळा, म्हणाले. बाळाबाई हातात भाकरीचं फडकं धरून तिथंच उभी. पिराजी बराच वेळ उताणा पडून होता. मग उठून बसला, पायाची साडी सोडवली, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता. कुणीतरी कुणासाठी तरी सोडली असंल."

त्यानं बायकोकडं बघितलं नाही. त्यामुळं त्यानं ओळखली की नाही, हे तिला कळलं नाही. पुरुषांना साड्या ओळखू येत नाहीत, असं ती मनाला सांगत राहिली.

त्या संध्याकाळी पिराजी म्हणाला, "हिंदुराव उद्यापासनं यायचा न्हाय. भ्यालाय. दोर तू धर."

दुसऱ्या दिवसापासनं बाळाबाईनं दोर धरला. काठावर बाई बसलेली बघून माणसं आधी हसली, मग सवय झाली. हिंदुरावचं मात्र वाईट झालं. ऐन वेळेला दोस्ताला सोडून पळाला, म्हणून त्याचं नाव 'पळपुट्या' पडलं ते पडलंच. लग्नकार्यात, पारावर, कुठंही तो दिसला की कुणीतरी विचारायचं, काय हिंदुराव, दोर धरतासा काय? तो कसनुसा हसायचा. बाळाबाईही मनातनं त्याच्यावर राग धरून होती. पळाला तर पळाला, निदान एकदा घरी येऊन तोंड दाखवायचं होतं, असं तिला वाटायचं.

एकोणीस वर्षं तिनं दोर धरला. तिच्या तळव्यांना घट्टे पडले. पिराजी खाली दमलाय की खुशीत आहे, हे तिला दोरावरनं कळायचं. काही नवीन सापडलं की तो एका जागी थांबायचा आणि दोर अगदी गप व्हायचा, तेव्हा ती बाजूच्या बाईला सांगायची, आता घरी आल्यावर कॅलेंडर काढतील बघ. दरवर्षी संस्थेची साडी नदीत सोडली की पिराजी माणसं पांगायची वाट बघायचा आणि पहिली बुडी मारून साडी गुपचूप बाहेर काढायचा. पद्धतीला त्यानं कधी नाव ठेवलं नाही. बाळाबाई ते बघायची आणि दरवेळी सांगावंसं वाटून गप्प बसायची. आज सांगू, उद्या सांगू. आणि गेल्या वर्षी श्रावणात पिराजीच उठून गेला. पाण्यानं त्याला काही केलं नव्हतं. चहा पिऊन कॉटवर आडवा झाला, छातीत कळ आली, संपलं. आता सांगायचं कुणाला?

सोमवारी काठावर मांडव घातला होता. चेअरमन पार्श्वनाथअण्णांनी चार शब्द सांगितले. पिराजीची चौदा कॅलेंडरं तेजस्वीनं फोनवर उतरवून नदीचा सगळा तळ एका कागदावर जोडला होता. तो मोठा कागद संस्थेनं छापून लावलेला. 'गप बस' हे नाव वाचून पोरं खिदळत होती. तेजस्वी काळा रबरी पोशाख घालून, कमरेला दोर बांधून तयार. दोराचं दुसरं टोक बाळाबाईच्या पायाशी. आणि हातात तबक. तबकात संस्थेनं आणलेली साडी.

बाळाबाई पाण्याशी गेली आणि थांबली. मागं वळून म्हणाली, "अण्णा, नुसती फुलं सोडली तर न्हाय चालायचं?"

अण्णा गोंधळले. "का ओ? साडीत काय वंगाळ हाय?"

क्रांती धावत जवळ आली, हळू म्हणाली, "मावशी, कुणाला भिऊ नकासा. हक्क हाय तुमचा." आणि मागनं बायडाबाई मोठ्यानं बोलली, "बघा. तिला सोताला तरी कळतंय, तुमास्नी कळंना. पांढऱ्या कपाळानं साडी सोडू न्हाय."

आता सोडावी तर लेक त्या पाण्यात. नाही सोडावी तर बायडाबाईचं खरं आणि क्रांतीनं एवढं भांडून मिळवलेलं मातीत. बाळाबाईचं डोकंच फिरलं. वीस वर्षं दाबून ठेवलेलं असं काही बाहेर पडलं की तिचा तिलाच आवाज ओळखू येईना.

"माझ्या कपाळाचा काय संबंध न्हाय," ती म्हणाली. "कपाळ चांगलं कुंकवानं भरलं हुतं तवा सोडलीया मी साडी. हितंच. पुराच्या वर्सी. तुमी समद्यांनी जिला शिव्या घातल्या ती येडी मीच. नवरा वाचावा म्हणून सोडली आनि त्याच्याच पायाला गुंडाळली. मारलाच हुता मी त्याला. त्यानं आणल्याली साडी हुती. मी बोलले न्हाय. त्यो मरस्तोवर बोलले न्हाय. आता पोरगी चाललीया खाली. माझ्या हातनं दुसऱ्यांदा न्हाय व्हायचं हे."

बायडाबाई पदर तोंडावर घेऊन खाली बसली, कारण तो सल्ला कुणाचा होता हे तिला आठवलं असणार. तेजस्वी आईकडं बघत राहिली. आणि मांडवाच्या कडेला, सगळ्यांच्या मागं बसलेला हिंदुराव काठी टेकत उठला. साठी ओलांडलेला, गुडघे गेलेले. माणसांनी वाट दिली.

"वैनी," तो म्हणाला, "त्याला म्हाईत हुतं."

बाळाबाई त्याच्याकडं वळली.

"त्या दिवशी सांजच्याला माझ्याकडं आलता. म्हणाला, साडी माझ्या घरची हाय. ती माझा जीव मागायला नदीपाशी जाती. तिच्या जिवाला चैन न्हाय. उद्यापासनं दोर तिच्या हातात दितो. माझा जीव तिच्याच हातात असला की कुणापाशी मागायला जायाचं कारण न्हाय." हिंदुराव थांबला, दम घेतला. "म्हणाला, तिला कळता कामा न्हाय मला म्हाईत हाय म्हणून. खाली बघंल आयुष्यभर. तुझं नाव सांगतो, भ्याला म्हणून. चालंल न्हवं? मी म्हटलं, चालंल की."

"तुमी पळाला न्हवतासा?"

"कशाला पळीन? मला काढला त्यानं."

बाळाबाईच्या हातातलं तबक क्रांतीनं धरलं म्हणून, नाहीतर पडलंच असतं. बाळाबाई वाळूत बसली. नवरा गेला तेव्हा ती रडली होती, पण चार बायकांत रडतात तसं. आज ती गळा काढून रडली आणि रडता रडता त्या मेलेल्या माणसाला बोलत होती. एका ताटात जेवलो, म्हणाली, एकोणीस वर्सं, एक शब्द काढलास न्हाय. मला बोलला असतास, मारल्या असत्यास दोन, पर बोलायचं हुतं. नदीच्या तळाचं खडान्खडा घरी येऊन सांगायचास, आनि हे तेवढं ठेवलंस व्हय पोटात. मग हिंदुरावकडं बघून म्हणाली, "आनि तुमी. पळपुट्या म्हणवून घेतलंसा."

"सवय झाली," हिंदुराव म्हणाला. "पैली दोन-चार वर्सं जड गेली."

पार्श्वनाथअण्णांनी डोळ्यावरचा चष्मा काढून पुसला. नदीला फुलं वाहू, एवढं ते म्हणाले, आणि साडीचं काय ते कुणी विचारलंच नाही. बाळाबाईनं उठून फुलं सोडली, हळद-कुंकू वाहिलं, तोंड धुतलं. तेजस्वीनं मुखवटा डोळ्यावर ओढला आणि मशीन सुरू करायला सांगितलं.

बाळाबाईनं दोर उचलला, दोन्ही तळव्यांत घेतला. मग अख्ख्या गावादेखत तिनं हिंदुरावला हाक मारली.

"भावजी, असं लांब का उभारलासा? पाण्याला ओढ हाय आज. एकटीला झेपायचं न्हाय."

तिला एकटीला झेपलं असतं, हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कुणी हसलं नाही. हिंदुराव आला, काठी बाजूला टाकली, बाळाबाईच्या मागं वाळूत पाय रोवून बसला आणि दोर धरला. तेजस्वी पाण्याखाली गेली. थोड्या वेळानं खालनं एक झटका आला, ठीक आहे म्हणून, आणि तो दोघांच्याही हाताला लागला.